फोटोमागे नाव लिहिलंस का?

कोणतं सॉफ्टवेअर घेऊ, हे विचारायला तुला वडिलांचा, आप्पांचा दहावा उजाडावा लागला.

मी आले होते त्या दिवशी. कुकडीच्या घाटावर माणसं कावळा शिवायची वाट बघत उभी होती आणि त्यांच्यामागे तुझा तो सहा फुटी फ्लेक्स वाऱ्यावर फडफडत होता. ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ ही अक्षरं कशी रेखीव! कडेला शोकाकुल पुढाऱ्यांचे चेहरे तर आरशासारखे लख्ख. आणि मधोमध, ज्यांच्यासाठी हे सगळं, ते आप्पा म्हणजे चौकोनी ठिपक्यांचा एक ढग. त्या ढगाला कुणीतरी फेटा बांधलेला, अंगात कोट चढवलेला आणि रंग असा उजळवलेला की माझ्या शेजारच्या म्हातारीनं मला कोपरानं ढोसून विचारलं, “बाई, ह्यो कोनाचा फोटू?” आप्पांनी जन्मात कोट घातला नाही. द्राक्षाच्या मांडवाखाली चाळीस वर्षं काढलेला माणूस तो. उन्हानं रापलेला चेहरा, डोक्यावर तिरकी टोपी, तीही औषधाच्या फवाऱ्यानं निळसर झालेली. तो माणूस तुझ्या फ्लेक्सवर कुठे होता?

आणि त्याच रात्री तू मला व्हॉट्सअॅपवर तीन मिनिटं बोलून पाठवलंस. बाई, आता घरच्या कॉम्प्युटरवर सगळे फोटो नीट लावायचेत, लाइटरूम घेऊ की फोटोशॉप, की गूगलवर टाकून मोकळा होऊ? उत्तर लिहून देते आहे. बोलले असते तर आवाज चढला असता, आणि तो चढवायचा नाही असं डॉक्टरांनी बजावलंय.

आधी त्या फ्लेक्सचा हिशेब करू. गणितात तू काठावर पास व्हायचास, तरी हा जमेल. तू फ्लेक्सवाल्याला दिलास तो फोटो पुतणीच्या लग्नातला, मांडवात चाळीस माणसं उभी असलेला. तोही व्हॉट्सअॅपवरून कुणाकुणाकडून फिरून आलेला. व्हॉट्सअॅप साधा फोटो पाठवताना तो आक्रसून टाकतं, लांबीला साधारण १६०० ठिपके उरतात. त्या १६०० त चाळीस डोकी. आप्पांच्या चेहऱ्याच्या वाट्याला ठिपके किती? साठ म्हण. ते साठ तू तीन फुटांवर, म्हणजे ३६ इंचांवर ताणलेस. इंचाला दोन ठिपकेसुद्धा पडले नाहीत. फ्लेक्सवाल्यानं मग ती भगदाडं बुजवायला चेहरा गुळगुळीत केला, फेटा चढवला, कोट चढवला. त्याला कशाला बोल लावायचा? पोरगं संगणकासमोर बसून रात्री अकराला तुझी वाट बघत होतं.

चांगला फोटो तुझ्याकडे नव्हता, असं म्हणू नकोस. तेराव्याला जेवणं झाल्यावर मी तुझ्या त्या संगणकासमोर बसले, आठवतं? पडद्यावर एक इंच मोकळी जागा नाही. ‘न्यू फोल्डर’, ‘न्यू फोल्डर (२)’ असं करत १४ पर्यंत. ‘पेन ड्राइव्ह जुना’, त्याच्या पोटात ‘बॅकअप’, त्याच्या पोटात ‘बॅकअप नवीन’. ‘फायनल’ आणि ‘फायनल फायनल’. चौदाव्या फोल्डरात, तुझ्या कॅमेऱ्यानं जन्मतः दिलेल्या डीएससीएन आणि चार आकडे अशा नावाखाली आप्पा बसले होते. काळ्या द्राक्षांचा घड हातात, टोपी तिरकी, तोंडात अर्धं हसू. ४००० गुणिले ३००० ठिपके. चेहराच ९०० चा. इंचाला पंचवीस पडले असते आणि दहा फुटांवरून बघणाऱ्याला तेवढे भरपूर होतात. घरात होता तो फोटो. तीन दिवस उशिरा सापडला, तोही तुला नाही, मला.

आता तू म्हणतोस सॉफ्टवेअर. अरे, वाफसा नाही, पेरणी नाही, आणि मळणीयंत्र कुठल्या कंपनीचं घेऊ म्हणून विचारत फिरणाऱ्याला तू स्वतः काय म्हणशील?

नववीतली सहल आठव. १९९४ चा डिसेंबर. एसटीनं घाटघरपर्यंत आणि पुढे चालत नाणेघाट. वरच्या रांजणात वाकून तुम्ही सगळ्यांनी ओरडून घेतलंत, मग मी तुम्हाला गुहेत नेलं. दोन्ही बाजूंच्या भिंतींवर नागनिका राणीचा ब्राह्मी लेख, दोन हजार वर्षांचा. किती यज्ञ केले, किती गायी दिल्या, किती नाणी दिली, सगळं आकड्यांसकट. समोरच्या भिंतीवर सातवाहनांच्या घराण्याच्या मूर्ती होत्या. होत्या म्हणते, कारण आता जेमतेम पावलांच्या खुणा उरल्यात. पण त्या पावलांच्या वर कोरलेली नावं अजून वाचता येतात. हा सिमुक, ही नागनिका आणि हा सातकर्णी, हा कुमार भाय, हा महारठी त्रणकयिर. भगवानलाल इंद्रजींसारख्यांनी एकोणिसाव्या शतकात ती नावं लावून दाखवली. चेहरे गेले, अंगं गेली, दगड झिजला, आणि तिथे कोण उभं होतं ते आज जुन्नरचं शेंबडं पोर सांगू शकतं. कारण कोरणाऱ्यानं मूर्तीच्या डोक्यावर नाव घातलं होतं.

हे मी सांगत असताना तू काय करत होतास? मागच्या कोपऱ्यात, कुणीतरी चूल पेटवून टाकलेल्या जागचा कोळसा उचलून भिंतीवर स्वतःचं नाव लिहीत होतास. कानाखाली वाजवली होती मी. आजही वाजवली असती. स्वतःचं नाव दगडावर लिहायला तुला नववीत कोळसा सापडला आणि आप्पांच्या फोटोमागे पेन्सिलीनं नाव, गाव, साल लिहायला पुढची तीस वर्षं सवड झाली नाही.

तुझ्या घरी नाणेघाटाच्या नेमकं उलटं झालंय. चेहरे सगळे शाबूत, हजारांनी. नावं गायब.

आता पिकासाबद्दल, तुझ्या त्या जुन्या फोटोंच्या सॉफ्टवेअरबद्दल बोलते, कारण तिथे तुझी बाजू आहे आणि ती मी लपवणार नाही. २०११-१२ च्या हिवाळ्यात तू रोज रात्री आप्पांना शेजारी बसवून पिकासामध्ये चेहऱ्यांना नावं देत होतास. पिकासा एकेक चेहरा कापून पुढे आणायचा, आप्पा सांगायचे, तू टाइप करायचास. चांगलं काम. मी तेव्हा तुझं कौतुकही केलं होतं, ते परत घेते. कारण त्या चेहऱ्यांची नावं पिकासा आपल्या स्वतःच्या वहीत ठेवायचा, फोटोत नाही. फोटोच्या फायलीत ती लिहायची सोय नंतर त्यात आली होती, पण तिच्यावर आपण होऊन खूण करावी लागायची. तू केली नाहीस. मग संगणक सुस्त झाला म्हणून तू तो दुकानात दिलास. दुकानदारानं विचारलं, फोटो ठेवायचे ना? तू म्हणालास, फोटो ठेव, बाकी मार फॉरमॅट. बाकीमध्ये ती वही होती. आप्पांनी हिवाळाभर सांगितलेली नावं दोनशे रुपयांत पुसून घेतलीस.

वर आणखी एक. पिकासात फोटो सुधारून सेव्ह केला की मूळ फोटो तो एका लपवलेल्या फोल्डरात सरकवून ठेवायचा. पुढे जागा कमी पडली तेव्हा ‘हे कसले फोल्डर’ म्हणून तू तेही झाडून टाकलेस. आज तुझ्याकडे बहिणीच्या लग्नाचे फोटो आहेत ते तू तेव्हा हौसेनं पिवळे केलेले. मूळ रंग कुठे आहेत? कचऱ्यात.

पिकासा आता नाही. गूगलनं २००४ साली तो घेतला, २०१६ च्या मार्चपासून सांभाळायचं बंद केलं. यात रडण्यासारखं काही नाही. सॉफ्टवेअर येतात आणि जातात. बिऱ्हाडकरूच ते. आपलं सामान त्याच्या ट्रंकेत ठेवू नये, एवढी अक्कल घरमालकाला हवी.

म्हणून कुठलंही सॉफ्टवेअर घरात घेण्याआधी त्याची एक परीक्षा घे. एकच, सोपी. त्यात एका फोटोला नाव दे, खाली एक ओळ लिही. मग ती फाईल पेन ड्राइव्हवर घे आणि लेकीच्या लॅपटॉपवर, जिथे ते सॉफ्टवेअर नाही तिथे, उघड. उजवं बटण दाब, प्रॉपर्टीज, मग डीटेल्स. तू लिहिलेलं तिथे दिसलं तर ते फोटोच्या पोटात गेलंय, जिथे फोटो जाईल तिथे जाईल. दिसलं नाही तर ते त्याच्या वहीत आहे. अशा सॉफ्टवेअरला एक तर ते फोटोत लिहायला शिकव, नाही तर हाकलून दे. दिसायला कितीही देखणं असो.

लाइटरूम या परीक्षेत पहिल्या झटक्याला नापास होतं, हे ऐकून तुझा चेहरा पडेल. ते सगळं आपल्या कॅटलॉगमध्ये ठेवतं. फायलीत लिहून घ्यायचं तर सेटिंगमध्ये जाऊन सांगावं लागतं, किंवा फोटो निवडून कंट्रोल-एस दाबावं लागतं. दाबलं की लिहितं, वाईट नाही ते. लग्नाचे फोटो काढून पोट भरणाऱ्या, रॉ फायलींचे ढीग उपसणाऱ्या माणसासाठी उत्तमच आहे. पण भाड्यानं मिळतं. भाडं थांबलं की फोटो बघता येतात, बाहेर काढता येतात, पण सुधारायची खोली बंद. तू काय काढतोस? बैलपोळ्याला बैल, ओझरला चतुर्थीला रांग आणि टोमॅटोचं क्रेट नारायणगावच्या मार्केटात उतरवताना एक सेल्फी. त्याला महिन्याचं भाडं कशाला भरायचं?

आणि फोटोशॉपचं म्हणशील तर ते फोटो लावून ठेवायचं साधन नाहीच. त्यात एकेक फोटो घेऊन त्यावर काम करायचं असतं. शिंप्याच्या यंत्रावर कुणी कपड्यांच्या घड्या घालून ठेवतं का? शिवाय तू ‘एक जण पेन ड्राइव्हवर फुकट आणून देतो’ म्हणालास, ते मी ऐकलंय. चोरीचा माल. त्याच्याबरोबर आणखी काय घरात शिरेल याची तुला कल्पना नाही. सगळ्या फायलींना कुलूप लावून पैसे मागणारे व्हायरस असल्याच रस्त्यानं येतात. फुकटच हवं तर गिंप आहे, १९९६ पासून आहे, सरळ मार्गानं फुकट आहे. पण खरं सांगू? तुला तेही लागणार नाही. फोटो वाकडा आला तर सरळ करणं, कडेचा अंगठा कापणं, अंधार थोडा कमी करणं, एवढं विंडोजमधल्या साध्या फोटो अॅपमध्ये होतं.

माझं मत विचारतोस तर डिजीकॅम घाल. फुकट आहे, कुणा एका कंपनीच्या मर्जीवर नाही, विंडोजवर चालतो, उद्या लेकीनं लिनक्स घातलं तर त्यावरही चालतो. पिकासासारखे चेहरे ओळखतो. पहिल्या दिवशी सेटिंगमध्ये मेटाडेटाच्या पानावर जा आणि शीर्षक, टॅग, चेहरे, सगळं फायलीत लिहायच्या चौकोनांवर खुणा कर. आधी खुणा, मग काम. तुझ्या चार जीबीच्या संगणकावर तो चेहरे शोधायला रात्र घेईल, घेऊ दे. फक्त यूपीएस लाव. आपल्याकडे वीज कधी जाते हे बिबट्याला ठाऊक असतं, आपल्याला नसतं, आणि डिस्कवर लिहिणं चालू असताना वीज गेली तर काय होतं ते मी माझ्याच घरी बघितलंय. डिजीकॅम दिसायला ओबडधोबड आहे, बटणं फार आहेत. असू दे. ट्रॅक्टर तरी कुठे देखणा असतो?

त्याच्या जोडीला फास्टस्टोन किंवा इरफानव्ह्यू असलं एखादं हलकं काहीतरी ठेव, घरगुती वापराला दोन्ही फुकट. त्याचा उपयोग निवडायला. तू एका गणपतीचे ६१ फोटो काढतोस, त्यातले ५८ सारखेच. फास्टस्टोनमध्ये चार चार शेजारी लावून बघ, एक ठेव, तीन टाक. न टाकणाऱ्याला जगातलं कुठलंच सॉफ्टवेअर वाचवू शकत नाही. आडवा आलेला फोटो उभा करायला इरफानव्ह्यूमध्ये दर्जा न घालवता फिरवायची सोय आहे, ती वापर. जेपेग फोटो उघडायचा, काहीतरी करायचं, सेव्ह करायचा, पुन्हा उघडायचा, पुन्हा सेव्ह, असं दहा वेळा केलंस की तो कार्बन कागदाखालच्या दहाव्या प्रतीसारखा होतो. म्हणून मूळ फोटोला हात लावायचा नाही. सुधारायचं ते त्याच्या नकलेवर. आप्पांना गोरं करायची फारच हौस असेल तर नकलेला कर, मूळ आप्पा रापलेलेच राहू देत.

गूगल फोटोजला मी नावं ठेवत नाही. ‘टोपी’ असं लिहिलं की टोपीवाले फोटो पुढे येतात, जादू आहे. पण ते कपाट तुझं नाही. १ जून २०२१ पर्यंत हवं तेवढं फुकट मावत होतं, तेही थोडं दाबून. त्या दिवसापासून १५ जीबी, आणि त्यातच तुझी जीमेल. बॅकअप झालेला फोटो त्या अॅपमधून उडवलास तर तो फोनमधून आणि तिथून, दोन्हीकडून जातो. साठ दिवस कचऱ्याच्या टोपलीत, मग संपलं. आणि सगळं बाहेर काढायला गेलास तर तू तिथे लिहिलेल्या ओळी फोटोबरोबर नाही, जेसॉन नावाच्या वेगळ्या चिठ्ठ्यांत येतात. दुसरी प्रत म्हणून ठेव. एकुलती म्हणून नको.

फोल्डरांना नावं देताना डोकं चालव. आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, मग काय ते. आकडे इंग्रजी. म्हणजे संगणक ती आपोआप काळानुसार लावतो. ‘पोळा’, ‘पोळा नवा’, ‘यंदाचा पोळा’ यातला कुठला कधीचा हे देव जाणे. तुझ्या जुन्या कॅमेऱ्याचा सेल उतरला की तारीख १ जानेवारीवर जायची आणि तू ती कधी लावली नाहीस. परिणामी तुझ्या घरात गणपती १ जानेवारीला बसलेत, मखरासकट. डिजीकॅममध्ये एकदम शंभर फोटोंची तारीख पुढे-मागे सरकवता येते, मखर कुठल्या वर्षीचं ते घरातल्या बायका सांगतील. व्हॉट्सअॅपवरून आलेल्या फोटोंत तर कॅमेऱ्यानं लिहिलेली तारीख राहतच नाही, ती वाटेत गळते. इथून पुढे कुणाकडून चांगला फोटो मागवायचा तर ‘डॉक्युमेंट म्हणून पाठव’ म्हणायचं. एवढे दोन शब्द जास्त बोललास तरी पुढचा फ्लेक्स वाचेल.

मराठीत लिही. पण युनिकोडमध्ये. तू मागे डीटीपीवाल्याकडून वाड्याच्या फोटोंची यादी करून घेतली होतीस, त्याच्या जुन्या फाँटात. ती आता उघडली तर इंग्रजी अक्षरांचं कडबोळं दिसतं, कारण तो फाँट त्याच्या दुकानाबरोबर गेला. दोन हजार वर्षांपूर्वीची ब्राह्मी वाचता येते आणि तुझी पंधरा वर्षांपूर्वीची मराठी वाचता येत नाही!

आता मुख्य गोष्ट. तेराव्याच्या दुपारी, तू बाहेर पाहुण्यांना पोचवायला गेला होतास तेव्हा, मला तुझ्या संगणकावर दोन काळेपांढरे फोटो दिसले. तुझ्या आईच्या माहेरचे. जुन्या आंबेगावचे. तालुक्याला ज्या गावाचं नाव आहे ते गाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली आहे, कचेऱ्या घोडेगावला. आज त्या धरणाला हुतात्मा बाबू गेनू सागर म्हणतात आणि पर्यटक तिथे थांबून फोटो काढतात. पाण्याचे. खालच्या गावाचे फोटो ज्यांच्या पेटीत असतील त्यांच्याच पेटीत. त्यातले दोन तुझ्याकडे, आणि तू ते कसे उतरवून घेतलेस? भिंतीवरच्या तसबिरीसमोर फोन धरून. काचेत ट्यूबलाइट, ट्यूबलाइटखाली तुझा स्वतःचा हात आणि फोन. घराच्या ओसरीवर सहा माणसं उभी आहेत आणि त्यातल्या दोघांच्या तोंडावर तुझी ट्यूबलाइट.

मी आईला हाक मारली. ती चुलीपुढून उठून पदराला हात पुसत आली, चष्मा नव्हता, पडद्याला नाक लावून उभी राहिली. मला वाटलं आता ती रडेल. रडली नाही. बोट लावून म्हणाली, “ही थोरली आत्या. ही तिची जाऊ, लंगडायची बघा. ह्यो आमचा आजा. ह्यो कोन… थांबा.” मग बराच वेळ काही नाही. पडद्यावर तिच्या बोटाचा पिठाचा ठसा उमटला होता. “ह्यो घोंगडीवाला. दर साली यायचा, आमच्याकडंच उतरायचा. फोटू काढनारा आला तवा ह्यो बी हुबा ऱ्हायला.” घोंगडीवाल्याचं नाव ती पाच मिनिटं शोधत होती. नाही सापडलं. मागच्या दिवाळीला कदाचित सापडलं असतं. लंगडणाऱ्या जावेबद्दल तुला ठाऊक होतं? मी तुला नंतर विचारलं तर तू म्हणालास, आई असलं कधी बोलतच नाही. तू कधी विचारलंस?

तर सॉफ्टवेअर उतरवायच्या आधी हे कर. ते दोन फोटो तसबिरीतून काढ, काच बाजूला ठेव. कागद काचेला चिकटला असेल तर ओढू नकोस, जुन्नरला एखाद्या जुन्या स्टुडिओवाल्याकडे तसाच घेऊन जा. सुटला तर सपाट स्कॅनरवर ६०० डीपीआयनं स्कॅन कर. चार बाय सहा इंचाचा फोटो असेल तर २४०० गुणिले ३६०० ठिपके मिळतात, पुरतात. पासपोर्टएवढा असेल तर १२०० नं. मागची बाजूही स्कॅन कर, स्टुडिओचा शिक्का असतो, कधी कुणी शाईनं सालही लिहिलेलं असतं, सगळेच तुझ्यासारखे नव्हते. मग आईला शेजारी बसव आणि ती बोलेल ते जसंच्या तसं टाइप कर. ‘थोरली आत्या’ असंच लिही, पण कुणाची थोरली आत्या तेही लिही, नाही तर तुझ्या नातवाला कळणार नाही.

आणि प्रती. ३० जुलै २०१४ च्या सकाळी माळीणवर डोंगर आला. दीडशेच्या वर माणसं गेली. त्या घरांतल्या पेट्या, भिंतींवरच्या तसबिरी, लग्नांचे फोटो यांची मोजदाद कोण करणार, आणि माणसांपुढे ती करायची तरी कुणाला सुचेल? असलं उदाहरण सॉफ्टवेअरच्या गोष्टीत आणू नये हे मला कळतं. पण तूच त्या आठवड्यात मदतीचा टेंपो घेऊन गेला होतास आणि परत आल्यावर चार दिवस बोलला नव्हतास. मग एकाच घरात, एकाच संगणकात, एकाच डिस्कवर सगळं ठेवून तू शांत झोपतोस कसा? तीन प्रती हव्यात. एक संगणकात, एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर, आणि एक घराबाहेर. ती बहिणीकडे मंचरला ठेव. राखीला तिची डिस्क घेऊन ये, भरून भाऊबीजेला परत दे. ओवाळणी बुडवण्यात तू पटाईत आहेस, निदान हे तरी देशील.

येत्या रविवारी दहाला तू आणि आई माझ्याकडे या. स्कॅनर माझ्याकडे आहे. चहा मी करीन, बाकी सगळं तू करायचं, मी बघत बसणार. येताना सगळ्या डिस्का, सगळे पेन ड्राइव्ह आणि ती डीटीपीवाल्याची यादी घेऊन ये, उघडत नसली तरी. कॅमेऱ्याचा सेलही.

माझ्याकडे त्या नाणेघाटच्या सहलीचा एक फोटो आहे. गुहेच्या तोंडाशी सगळा वर्ग, तू पहिल्या रांगेत, काळा हात पाठीमागे लपवलेला. फोटोच्या मागे मी सगळ्यांची नावं लिहिली आहेत, रांगेप्रमाणे. फक्त तिसऱ्या रांगेत डावीकडून चौथ्या जागी नुसती रेघ ओढली आहे, नंतर लिहीन म्हणून. कानटोपी घातलेला, बारीक मुलगा. काल रात्री मी जुनी हजेरीवही आठवून आठवून पहिल्यापासून म्हणून बघितली, नाही आठवला. तो दहावीच्या आधीच शाळा सोडून गेला होता, एवढंच डोक्यात आहे. तू त्याच्या शेजारी बसायचास. रविवारी येईपर्यंत आठवून ठेव.